नवा रिसीव्हर घ्यायचाय? आधी जुन्याच्या मागे डोकावा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की मला एक फोन हमखास येतो. "दादा, माझा होम थिएटरचा रिसीव्हर सहा वर्षांचा झाला. नवीन मॉडेल आलंय आणि किंमतही उतरलीय. घेऊन टाकू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. "टॉर्च घे, टीव्ही युनिट पुढे ओढ आणि रिसीव्हरच्या पाठीचा फोटो काढून पाठव." निम्मे लोक तिथेच गळतात, कारण युनिट ओढायला दोन माणसं लागतात आणि मागे सहा वर्षांची धूळ साचलेली असते. जे फोटो पाठवतात, त्यातल्या बहुतेकांना मी पैसे खिशातच ठेवायला सांगतो. थोड्यांना सांगतो, घे, आणि आजच घे. हा निकाल मी कशावरून देतो ते इथे पायरीपायरीने मांडतो, म्हणजे तो फोन तुम्हाला करावा लागणार नाही.

एका डब्यात तीन यंत्रं

होम थिएटरचा रिसीव्हर बाहेरून एकच काळा डबा दिसतो, पण आत तीन वेगवेगळी यंत्रं असतात. पहिलं ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर हलवणारी ताकद. दुसरं स्विचिंग. सेट-टॉप बॉक्स, प्लेस्टेशन, टीव्ही यांच्या एचडीएमआय वायरी येतात आणि जातात तो चौक. तिसरं प्रोसेसर. डॉल्बी ॲटमॉससारखा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारा, सिग्नल उलगडणारा आणि तुमच्या खोलीचं माप घेऊन आवाज दुरुस्त करणारा मेंदू.

या तिघांचं वय सारखं वाढत नाही. ॲम्प्लिफायर जवळजवळ म्हातारा होतच नाही. २०१२ चा ८० वॉटचा ॲम्प आणि आजचा ८० वॉटचा ॲम्प यांत कानाला कळेल असा फरक मला तरी कधी सापडला नाही. चौक मात्र झपाट्याने जुना होतो, कारण टीव्हीवाले आणि गेमवाले दर काही वर्षांनी रस्ता रुंद करतात. मेंदू त्या दोघांच्या मधे आहे. त्याची उडी क्वचित येते, पण आली की ऐकू येते.

म्हणून नव्या मॉडेलच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असलं तरी एवढंच विचारा की या तिघांपैकी नेमकं काय बदललं.

पहिली पायरी : तक्रार एका वाक्यात लिहा

'जुना झालाय' ही तक्रार नव्हे. मोबाइलवर किंवा कागदावर एक वाक्य लिहा. 'संवाद ऐकू येत नाहीत.' 'बेस घुमतो.' 'प्लेस्टेशन १२० हर्ट्झवर चालत नाही.' 'ॲटमॉस हवंय.' 'मधेच बंद पडतो.' लिहिण्यासारखं काही सुचलंच नाही, तर लेख इथेच सोडून सिनेमा लावा.

शेवटच्या तक्रारीचा एक किस्सा सांगतो. ठाण्यातल्या एका मित्राचा रिसीव्हर 'गेला' होता. चालू केला की दोन सेकंदांत टक् आवाज होऊन बंद व्हायचा आणि लाल दिवा लुकलुकायचा. त्याने नव्याचा सौदाही पक्का करत आणला होता. मी मागे टॉर्च मारला, तर उजव्या सराउंड स्पीकरच्या टर्मिनलवर तांब्याचा एक तंतू, केसाएवढा, लाल खुंटीवरून काळ्या खुंटीला टेकलेला. घरात पुसापुशी करताना वायर ओढली गेली असणार. शॉर्ट लागला की रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि तो तेच इमानेइतबारे करत होता. वायरचं टोक कापून, पीळ देऊन परत बसवलं. पाच मिनिटांचं काम. तो रिसीव्हर आजही चालतो आहे.

तेव्हा मधेच बंद पडत असेल तर आधी सगळी टर्मिनल बघा. मग वरची हवा बघा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, काचेच्या दाराआड, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला रिसीव्हर तापून बंद पडतो आणि लोक त्याला म्हातारपण समजतात. वर निदान चार बोटं जागा मोकळी हवी, आणि शक्य असेल तर त्याहून जास्त.

दुसरी पायरी : पाठ वाचा आणि साल काढा

मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. त्यावरून साल निघतं, कारण कंपन्या नंबर सरळ चढवत जातात. यामाहाची आरएक्स-व्ही मालिका घ्या. ४७१, ४७३, ४७५ असं करत २०१८ च्या ४८५ पर्यंत दर वर्षी एक. डेनॉनची एक्स मालिका २०१३ च्या एक्स१००० पासून एक्स११००, एक्स१२०० अशी २०१९ च्या एक्स१६०० पर्यंत दर वर्षी. एक्स१७०० मात्र आला २०२१ मध्ये आणि एक्स१८०० थेट २०२३ मध्ये. म्हणजे दर वर्षी नवं मॉडेल काढण्याइतकं नवं काही आपल्याकडे नाही, हे कंपन्यांनीच कबूल केल्यासारखं झालं.

साल कळलं की ते पुढच्या टप्प्यांवर ठेवून बघा. माझ्या हिशेबात गेल्या पंधरा-सोळा वर्षांत खऱ्या उड्या एवढ्याच.

२००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये एआरसी आलं, म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा रिसीव्हरकडे येऊ लागला. २०१४ मध्ये डॉल्बी ॲटमॉस घरच्या रिसीव्हरमध्ये उतरलं आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रतिस्पर्धी डीटीएस:एक्स आलं. त्याच सुमारास ४के साठी रुंद रस्त्याचं एचडीएमआय २.० आणि कॉपी रोखणारं एचडीसीपी २.२ हे कुलूप आलं. त्याची किल्ली नसलेल्या रिसीव्हरमधून कुलूपबंद ४के सिनेमा पुढे जातच नाही. मग चित्रातला उजेड-अंधार खुलवणारं एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन. २०१८-१९ च्या आसपास ईएआरसी, म्हणजे एआरसीचाच रुंद अवतार. आणि २०२० पासून एचडीएमआय २.१ ची सॉकेटं, म्हणजे ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) आणि ८के.

तुमचं मॉडेल आणि नवं मॉडेल यांच्या मधे यातली एकही उडी नसेल, तर तुम्ही फक्त नंबर विकत घेताय.

तिसरी पायरी : भावंडांची तुलना करा

माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. नव्या मॉडेलचं एकट्याचं पत्रक नेहमीच भारी वाटतं. डेनॉनच्याच तीन जोड्या घेऊ, कारण एकाच कंपनीतल्या तीन जोड्यांची तीन वेगळी उत्तरं येतात.

एक्स१७००एच आणि एक्स१८००एच. दोन्ही ७.२ चॅनलचे (सात स्पीकर, दोन सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे स्पीकर), दोन्ही ८० वॉटचे, दोन्हीत सहा एचडीएमआय आत आणि एक बाहेर, त्यातली तीन ८केची. रूपडं बदललं, मेनूचा चेहरा बदलला. १७०० वाल्याने १८०० घेण्यात काहीही अर्थ नाही.

एक्स२७००एच आणि एक्स२८००एच. दोन्ही ९५ वॉटचे. फरक असा की जुन्यात ८केचं इनपुट एकच होतं, नव्यात तीन झाली. घरात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही असतील तर हा फरक तुमचा. नसेल, तर तो पत्रकातच राहू द्या.

एक्स३७००एच आणि एक्स३८००एच. इथे गोष्ट वेगळी आहे. वॉट तेच, १०५. पण ८केचं इनपुट एकावरून सहावर गेलं, चार सबवूफर स्वतंत्रपणे हाताळायची सोय आली, आणि वेगळे पैसे भरून डिरॅक लाइव्ह ही खोली-दुरुस्तीची प्रणाली चढवता येऊ लागली. म्हणजे चौकही बदलला आणि मेंदूही. मोठी खोली आणि दोन सबवूफर असलेल्या माणसाला मी ही उडी घ्यायला सांगेन.

तिन्ही जोड्यांत वॉट जागचे हललेले नाहीत, हे लक्षात आलं ना?

चौथी पायरी : वॉटचा भूलभुलैया

इथे जरा थांबतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक याच आकड्याने होते.

ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. आता हिशेब करा. ८० वॉटवरून १०५ वॉटवर गेलात तर मिळतात जेमतेम १.२ डेसिबल. रिमोटचं व्हॉल्यूमचं बटण एक-दोनदा दाबण्याएवढं. त्यासाठी लोक वीस-तीस हजार जादा मोजतात.

मुळात आपण किती वॉट वापरतो? समजा तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल आहे, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल. दहा फुटांवर, चार भिंतींच्या हॉलमध्ये तो आकडा साधारण ८० वर येतो. एका वॉटमध्ये! घरात संवाद आपण ६५-७० ला ऐकतो. उरलेले वॉट स्फोटांसाठी आणि ढोलाच्या थापेसाठी राखीव असतात, आणि त्यातलाही सगळ्यात जड भाग सबवूफर स्वतःच्या ॲम्पवर उचलतो.

बारीक अक्षरं मात्र वाचा. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्के विकृती (आवाजातला बिघाड)' असं लिहिलेले ८० वॉट हे प्रामाणिक ८० वॉट. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल चालू, १० टक्के विकृती' असं लिहिलेले १५० वॉट म्हणजे सोसायटीच्या बैठकीत एकट्यानेच हात वर करून ठराव मंजूर केल्यासारखं. अमेरिकेत या आकडेफेकीला लगाम घालायला १९७४ मध्येच नियम करावा लागला होता, यावरून ही खोड किती जुनी आहे ते कळेल.

डॅकच्या, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या, चिपचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका शहरातल्या एकेएम कंपनीच्या चिप-कारखान्याला मोठी आग लागली. पुरवठा आटला, आणि काही रिसीव्हर कंपन्यांना चालू मॉडेलमध्येच दुसऱ्या कंपनीच्या चिप्स बसवाव्या लागल्या. बाहेरचा नंबर तोच, डबा तोच, आतली चिप वेगळी. तेव्हा '३२ बिट प्रीमियम डॅक' या ओळीसाठी मी एक रुपयाही जादा देत नाही.

पाचवी पायरी : टीव्ही खरंच काय पाठवतोय ते तपासा

'ॲटमॉस हवंय' आणि 'संवाद ऐकू येत नाहीत' या दोन्ही तक्रारींची अर्धी मुळं रिसीव्हरमध्ये नसतातच. ती टीव्हीच्या मेनूत असतात.

टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. रिमोटवर 'इन्फो' किंवा 'स्टेटस' असं बटण असेल ते दाबा. तिथे 'पीसीएम २ चॅनल' दिसलं, तर टीव्ही तुम्हाला साधा स्टिरिओ पाठवतो आहे आणि रिसीव्हर बिचारा त्यातून पाच स्पीकर ओढूनताणून वाजवतो आहे. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वरून 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. ईएआरसी असेल तर तेही चालू करा. बऱ्याच टीव्हींवर ते बंदच असतं. वायर टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या सॉकेटमध्येच आहे ना, तेही बघा. या एका पायरीवर मी निदान चार जणांचे पैसे वाचवलेत.

दुकानात सांगतात, "ॲटमॉससाठी ईएआरसी लागतं, तुमचा जुना रिसीव्हर चालणार नाही." अर्धसत्य. ओटीटीवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या रूपात बसून येतं आणि ते साध्या एआरसीमधूनही जाऊ शकतं. टीव्हीने ते सोडलं पाहिजे आणि रिसीव्हरला ॲटमॉस कळलं पाहिजे, इतकंच. ईएआरसी लागतं ते ब्लू-रेवरच्या ट्रू-एचडी या काहीही न गाळलेल्या आवाजासाठी, किंवा ॲपल टीव्ही, गेम कन्सोल अशा गोष्टी टीव्हीला जोडून त्यांचा पूर्ण आवाज रिसीव्हरकडे आणायचा असेल तर.

संवादांची तक्रार टीव्हीचं सेटिंग सुधारूनही उरली, तर मधला स्पीकर बघा. आपल्याकडे तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असतो, पुढे फुलदाणी, बाजूला रिमोटची टोपली. तो खणाच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा, खाली रबराचा तुकडा घालून तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वर करा, आणि मेनूत सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. रात्री हळू आवाजात बघत असाल तर 'डायनॅमिक रेंज' दाबणारं सेटिंग चालू करा. स्फोट खाली येतील, कुजबुज वर येईल.

सहावी पायरी : नवा मेंदू घेण्याआधी आहे त्याला नीट शिकवा

रिसीव्हरबरोबर आलेला तो टोपीसारखा माइक आठवतो? बहुतेकांकडे तो वॉरंटी कार्डाबरोबर खोक्यात झोपलेला असतो. ऑडिसी, वायपीएओ, डिरॅक, नाव काहीही असो, या प्रणाली त्या माइकने खोली ऐकतात. तो एकदाही न वापरता नव्या प्रणालीसाठी नवा रिसीव्हर घेणं म्हणजे चष्मा खिशात ठेवून डोळ्यांच्या ऑपरेशनला जाणं.

खोलीचं गणित आधी समजून घ्या. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. पाच मीटर लांबीच्या हॉलमध्ये ३४ हर्ट्झच्या आसपासचा बेस समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमतो. तीन मीटर रुंदीत ५७ हर्ट्झचा. त्यात लादी चकचकीत, पडदे पातळ, एक भिंत नुसती काचेची. कोणतंही मॉडेल हे भौतिकशास्त्र बदलत नाही. म्हणून मोजणीआधी सबवूफरची जागा शोधा.

त्याची जुनी युक्ती अशी. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही जिथे बसता तिथेच. बेसची एखादी ओळ परत परत वाजत ठेवा. मग स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत जा, कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून. जिथे बेस घट्ट, सारखा ऐकू येईल, घुमणार नाही आणि गायबही होणार नाही, ती सबवूफरची जागा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुपारची वेळ होती. सोफ्यावर पंधरा किलोचा डबा धडधडतोय, आणि मी गुडघ्यांवर, कान जमिनीजवळ. आई स्वयंपाकघरातून आली. "काय रे, काय हरवलं?" म्हटलं, "बेस शोधतोय." ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "बरं. तिथपर्यंत जातोच आहेस तर सोफ्याखालचा माझा चष्मा पण बघ." बेस सगळ्यात छान होता देवघराच्या कोपऱ्यात. तिथे अर्थातच ठेवता आला नाही. दुसऱ्या क्रमांकाची जागा निघाली चपलांच्या कपाटाच्या दीड फूट अलीकडे. तिथे तो गेली कित्येक वर्षं आहे, आणि त्या दीड फुटाने जे दिलं ते त्यानंतरच्या एकाही खरेदीने दिलेलं नाही.

मग माइक काढा. पंखे, एसी बंद. कुकर गॅसवर असेल तर थांबा. माझी एक मोजणी शेजारच्यांच्या शिट्टीने मोडली होती आणि स्क्रीनवर 'खोलीत फार आवाज आहे' असा निरोप आला होता. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर लावा, बसलेल्याच्या कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर नको, कारण पाठीवरून परतणारा आवाजच तो मोजतो. पहिली मोजणी मुख्य जागेवर, बाकीच्या तिच्या आजूबाजूला दीड-दोन फुटांत. प्रणाली मागेल तितक्या सगळ्या मोजण्या द्या, तीनवर कंटाळू नका.

मोजणी झाल्यावर मेनूत जाऊन चार गोष्टी तपासा. स्पीकर 'लार्ज' ठरवले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झला आणा. सबवूफरच्या अंगावरची क्रॉसओव्हरची कळ पूर्ण वर किंवा 'एलएफई'वर हवी, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर सुधारू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. आणि एखादा स्पीकर 'उलटा जोडलाय' असा इशारा आला तर लाल-काळं एकदा बघा. सरळ असेल तर इशारा सोडून द्या. काही स्पीकरांची घडणच प्रणालीला चकवते.

आठवडाभर ऐका. तक्रारीचं ते वाक्य परत वाचा.

सातवी पायरी : तरीही घ्यावासा वाटतोय? मग ही कारणं खरी

रिसीव्हर एचडीएमआयवरचा आवाज घेतच नसेल, म्हणजे फक्त जुन्या ऑप्टिकल वायरीवर जगत असेल, तर बदला. एचडीएमआयचं बोर्ड गेलं असेल तरीही बदला, कारण जुन्या मॉडेलचं ते बोर्ड मिळणं आणि परवडणं दोन्ही अवघड. पावसाळ्यात विजा कडाडताना केबलच्या किंवा डिशच्या वायरीतून आलेला झटका एचडीएमआयमार्फत रिसीव्हरपर्यंत पोचू शकतो. कोकणातल्या घरात तर मी प्लगबरोबर ती वायरही काढायला सांगतो.

ॲटमॉससाठी बदलायचा असेल तर आधी छताकडे बघा. ५.१.२ ला (शेवटचा आकडा छतावरच्या स्पीकरांचा) सात ॲम्प चॅनल लागतात, ७.१.४ ला अकरा. पण छतावर स्पीकर लावायची तयारी आहे का? पीओपीचं खोटं छत असेल तर ते नव्याने करतानाच वायरी टाकून घ्या. भाड्याचा फ्लॅट असेल आणि मालक खिळा ठोकू देत नसेल, तर ॲटमॉसचा रिसीव्हर घेऊन तो ५.१ च वाजवणार.

गेमसाठी बदलायचा असेल तर एक मधला मार्ग आहे. प्लेस्टेशन थेट टीव्हीला लावा आणि आवाज ईएआरसीने रिसीव्हरकडे आणा. चित्र १२० हर्ट्झवर, रिसीव्हरला त्याची गंधवार्ता नाही. मार्ग अडतो तो फक्त टीव्हीची जलद सॉकेटं संपल्यावर.

आणि 'एचडीएमआय २.१' या अक्षरांवर विसंबू नका. तो आकडा छापायला सगळ्या सोयी देणं सक्तीचं नाही. विक्रेत्याला विचारा, सेकंदाला किती गिगाबिट? २४, ४० की ४८? आणि किती सॉकेटांवर? आजच्या कन्सोलला ४० पुरेसे आहेत. २०२० च्या शेवटी पहिल्या खेपेच्या काही रिसीव्हरांत एका नव्या चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के १२० चं चित्र काळं पडत होतं आणि कंपन्यांना नंतर उपाय पुरवावे लागले. तेव्हापासून माझा नियम आहे, नव्या सॉकेटचं पहिलं वर्ष दुसऱ्याला वापरू द्यायचं. २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ जाहीर झालंय, ९६ गिगाबिटचं. तुम्हाला घाई करायला लावणारा पुढचा आकडा तोच असेल.

आठवी पायरी : घेताना

आधीचं मॉडेल मागा. दुकानदार नवंच पुढे करेल, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली तर शिलकीतला डबा निघतो आणि किंमतीत बोलायला जागा असते. वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते मी सांगतो : दुसरा सबवूफर, नाहीतर जाड सतरंजी आणि दुहेरी पडदे.

न्यू जर्सीचा मामेभाऊ तिथल्या सेलमध्ये स्वस्तात घेऊन येतो म्हणत असेल, तर त्याचे प्रेमाने आभार माना आणि नको म्हणा. तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावलात तर तो पहिल्याच दिवशी जळेल. मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो, तो जड, गरम होणारा, कधीकधी गुणगुणणारा. आणि इथे वॉरंटी शून्य.

सेकंडहँड घेत असाल तर घाई न करता अर्धा तास त्या माणसाच्या घरी बसा. रिसीव्हर आधीपासून गरम असेल तर का ते विचारा. प्रत्येक एचडीएमआय सॉकेटमध्ये एकेक करून वायर घालून चित्र बघा, कारण सहापैकी दोन मेलेली असली तरी विकणारा चार वापरत असल्याने त्यालाही माहीत नसतं. प्रत्येक चॅनलवर टेस्ट टोन वाजवा. व्हॉल्यूम सावकाश फिरवून खरखर येते का ऐका. झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघा. पालीची अंडी मी स्वतः पाहिलेली आहेत. आणि माइक मागा. तो त्या प्रणालीसाठी जुळवलेला असतो, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, आणि सुटा मिळवायचा म्हणजे शोधाशोध. "माइक कुठेतरी असेल, नंतर देतो" म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.